रक्ताला कसं पढवायचं?

—न्हाय गं, उपाशीपोटीच पायजे असं काय डाक्टर मॅडम म्हणाल्या न्हाईत. म्हणून तर सकाळी भाकरी दिली, चा दिला. चालतंय न्हवं? हां, मग झालं. तू बस की आधी. ती पेटी खाली ठेव, कोण हात लावत न्हाय. बर्फ हाय व्हय आत? आन् रक्त काढलं की लगेच पोचवाय पायजे — बरं, बरं, पण काढल्यावर न्हवं? काढायच्या आधी काय घाई हाय? नाव काय म्हणालीस? करिष्मा. कुठली गं तू? कंग्राळी! मग लांबची न्हवंस की. कंग्राळीत माझी मावशी दिलेली, आता न्हाय ती. पाणी घे. हे? हे आत हाइत, मागावर. हा आवाज ऐकतीस न्हवं — खट्, मग धप् — ते त्येंचंच. आमच्या वडगावात आता सगळीकडं पावरलूम, त्येंचा नुसता कडकडाट, त्यात माणूस कुठाय ते कळत न्हाय. हातमागाचं येगळं. धप् हलकं पडलं की मन दुसरीकडं हाय, जोरात पडलं की कुणावर तरी राग हाय. अडतीस वर्षं झाली मी ऐकतीया, भाकरी थापता थापता सुद्धा ऐकतीया. आत्ता बघ, सरळ चाललंय. चालू दे. इतक्यात उठवू नको त्यास्नी.

पेशंटचं नाव? ते चिठ्ठीवर लिवलंय की, वाच तू. व्हय, तेच, पहिलं म, मग हा… तू वाच की गं, मला म्हणाय लावू नको. हसतीस कशाला? तुमच्यात तुम्ही नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारता, आमच्यात न्हाय. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. राशनच्या आफिसात सुद्धा मी कार्डच पुढं करते. असू दे. वय चौसष्ट. लिवलंस? आन् एक सांगून ठेवते. त्यास्नी विचारू नको हे रक्त कशाचं म्हणून. साखरेचं हाय म्हण. मॅडमनी त्यास्नीच समोर बसवून सगळं समजावून सांगितलंय, सही बी त्येंचीच हाय, बघ खाली, लुगड्याच्या काठासारखी सरळ सही. पण चार दिवसांत इसरले. आता परत सांगायचं, परत त्येंचं तोंड तसं व्हायचं… माझ्यानं न्हाय व्हत. साखर म्हण तू. साखरेला कोण भीत न्हाय.

तुला कळतंय न्हवं हे कशाचं रक्त हाय? तुमाला शिकवत असतील की. मला मॅडमनी सांगितलं ते मी सांगते, चुकलं तर सांग. डोक्यात म्हणं एक प्रोटीन असतंय, टाऊ का काय, पी-टाऊ, त्याच्याम्होरं आकडा हाय. ह्यो इसरायचा आजार सुरू झाला की ते बिघडतंय, आन् बिघडलेलं थोडं थोडं रक्तात उतरतंय. माणूस वरनं चांगला दिसतोय, चालतोय, जेवतोय, माग चालवतोय, आन् आत सुरू झालेलं असतंय — दहा दहा वर्षं आधी बी असतंय म्हणं! दहा वर्षं गं! दहा वर्षांमागं आमच्या पूर्णिमाचं लग्न झालं. मांडवात हेच सगळ्यांस्नी वाढत होते. तवा सुरू झालतं का? ते कुणी सांगंल का मला? आधी ह्याला पाठीच्या मणक्यातनं पाणी काढाय लागायचं, न्हायतर बेंगळूरला जाऊन मोठा स्कॅन. आता नुसतं रक्त. नुसतं म्हणत्यात. मणक्यातनं पाणी म्हटलं असतं तर मी न्हायच म्हटलं असतं गं, कारण तरी सापडलं असतं. रक्ताला काय म्हणून न्हाय म्हणू?

थांब, चा ठेवते. न्हाय कशी, घोटभर घे. बस गं, पेटी उचलू नको. ऐक तर खरं, कसं कळलं मला पहिल्यांदा. कुणाला सांगितलेलं न्हाय, पूर्णिमाला सुद्धा न्हाय. ती ट्रंक दिसतीया? त्यात एक साडी हाय. दाखवते… ही बघ. धर तिकडनं. जांभळी, काठ पिवळा. हा पदर. साडीला पदर किती असत्यात? एक. आता सरक पुढं, दोन हात अंग विणलंय, बघ किती एकसारखं हाय, आन् हे काय? परत पदर. एका साडीला दोन पदर, आन् मधी दोन हात अंग. पदराला तीन दिवस जात्यात गं. म्हणजे तीन दिवस हा माणूस मागावर बसून दुसऱ्यांदा पदर विणत होता आन् त्याच्या ध्यानात आलं न्हाय की पहिला पदर पोटाशी दांड्यावर गुंडाळून पडलाय. चौदाव्या वर्षापासनं माग चालवणारा माणूस! रागात धागा तुटतोय, घाईत काठ आत ओढला जातोय, नवशिक्याची नक्षी सरकती, ह्या चुका मी बघितल्यात. ही चूक कुणाचीच बघितली न्हाय. आन् नीट बघ, दुसऱ्या पदरात एक धागा इकडचा तिकडं न्हाय. तेच मला भ्या वाटलं. हात चुकला असता तर बरं वाटलं असतं.

मी काय केलं सांगू? कापून घेतली, घडी घातली, ट्रंकेत टाकली. ज्याच्या सुतावर विणतो त्या दुकानवाल्याला सांगितलं, उंदरानं ताणा कुरतडला. उंदीर! आमच्या घरात उंदीर न्हाय. ह्यास्नी काय बोलले न्हाय. त्येनी बी विचारलं न्हाय की ती जांभळी कुठं गेली, आन् न विचारल्यानं मी अजूनच घाबरले. मग मी एक युगत काढली. पदर पुरा झाला की मी गपचिप काठाला लाल धागा बांधायची, समोरच, दिसंल असा. म्हणजे बसले की दिसंल, पदर झालाय, आता अंग विणायचं. मी सुताच्या कांड्या भरता भरता लक्ष ठेवायची. वरीसभर चाललं तसं, एक साडी चुकली न्हाय. मला वाटलं, जिंकलं आपण. मग एक दिवस आतनं हाक आली, "अगं ए, हा लाल धागा कशाला बांधलाय गं हितं?" मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. मी रोज तेच सांगायची आन् ते रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं "बरं" म्हणायचे.

पूर्णिमा गणपतीला आलती पुण्यासनं, तिनं ओळखलं. ल्येकीला दोन दिवसांत दिसलं. ती म्हणाली, आई, डाक्टरकडं चला. मी म्हटलं, वय झालं की व्हतंय असं. ती म्हणाली, वयानं चष्मा कुठं ठेवला ते इसरतंय, चष्मा कशाला असतोय ते इसरत न्हाय. ओढत नेलं. मॅडम चांगल्या हाइत, कानडी हाइत पण मराठी बोलत्यात, हळू बोलत्यात. रक्त तपासलं तवा साधं, थायरॉइड आन् बी-ट्वेल्व्ह. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. काय आनंद झाला गं मला! कमी हाय म्हटलं की भरून काढता येतंय. इंजेक्शनं दिली, तीन म्हयन्यांनी या म्हणाल्या. पण त्याच दिवशी त्येनी ती परीक्षा बी घेतली. बघितलीयास का कधी? आज वार कुठला, म्हयना कुठला. शंभरातनं सात वजा करत जा. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिंटं दाखवा. पाच शब्द सांगत्यात, पाच मिंटांनी परत विचारत्यात. शंभरातनं सात ह्येनी पटापटा सांगितलं, धाग्यांचा हिशेब डोक्यात करणारा माणूस. घड्याळात काटे नुसते बाहेर आले. शब्द दोनच आठवले. मी मागं बसून सगळं ऐकत होते, आन् मी ते प्रश्न पाठ केले.

व्हय, पाठ केले. आन् घरी येऊन त्यास्नी पढवले. काय करू मग? नापास झाले तर काय करत्यात मला ठाव न्हवतं. तीन म्हयनं रोज सकाळी, मी कांड्या भरायची, हे समोर, आन् मी विचारायची. आंबा, चावी, देऊळ, पितळ, पिवळा. परत म्हणा. आंबा, चावी, देऊळ, पितळ, पिवळा. खडूनं फरशीवर घड्याळ काढायला लावायची, पोराला अक्षर गिरवाय लावावं तसं. "मला शाळंत घालतीस व्हय ह्या वयात?" म्हणायचे आन् हसायचे. कधी कधी मी ओरडायची गं. एकदा पितळच येईना, पितळ म्हणा, पितळ म्हणा, मी फुंकणीच आपटली फरशीवर. तर हे माझ्याकडं असं बघाय लागले, घाबरून, जणू मी मारणार हाय त्यास्नी. मग मी रडले, ते बी रडले. ते कशाला रडतायत ते त्यास्नी ठाव न्हवतं.

एकाच प्रश्नाला ते माझं ऐकत न्हवते. मॅडमच्या यादीत असतंय, आपण कुठल्या राज्यात आहोत? पहिल्या बारीला ह्येनी छाती काढून सांगितलं, "महाराष्ट्र!" मॅडम हसल्या, मला म्हणाल्या, "आक्का, हे मी बरोबर धरू का चूक?" मी काय सांगू? हा माणूस तरण्या वयात, आमचा भाग महाराष्ट्रात पायजे म्हणून, सीमेच्या मोर्चात लाठी खाऊन आलेला, खांद्यावर अजून वळ हाय. घरात मी पढवायला गेले, अवो, एवढं कर्नाटक म्हणा, एक मार्क हाय, तर ताट बाजूला सारलं. "जीभ झडंल पण माझ्या तोंडातनं ते यायचं न्हाय." बरं म्हटलं, जाऊ दे तो मार्क. मग तीन म्हयन्यांनी गेलो. आंबा-चावी सगळं बरोबर. घड्याळ गोल, काटे आत. मॅडम खूश, मी खूश. मग त्येनी विचारलं, आपण कुठल्या राज्यात आहोत? आन् हे म्हणाले, "कर्नाटक." सरळ! वार सांगावा तसं. मॅडमनी बरोबरची खूण केली. आन् करिष्मा, तुला सांगते, उत्तर बरोबर होतं गं, पण माझा माणूस न्हवता तो. बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, तुम्ही कर्नाटक म्हणालासा. "मग? हाय की," म्हणाले. मॅडमला मी हे सांगाय पायजे होतं. न्हाय सांगितलं. पास झाले होते न्हवं. मॅडम म्हणाल्या, इंजेक्शनचा गुण आलेला दिसतोय, सहा म्हयन्यांनी या.

सहा म्हयनं. आधीचे तीन. नऊ म्हयनं गेले माझ्यामुळं. सहा म्हयन्यांनी गेलो तवा मॅडमनी नवे पाच शब्द दिले. मला मुळीच ठाव न्हवतं की शब्द बदलत्यात म्हणून! कुठले होते ते मला आज सुद्धा आठवत न्हाईत, इतकी घाबरले मी. पाच मिंटं झाली, मॅडम म्हणाल्या, सांगा काका. आन् हे ताठ बसून, "आंबा, चावी, देऊळ, पितळ, पिवळा." मॅडमनी पेन खाली ठेवला. त्यांच्याकडं बघितलं न्हाय, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. रागावल्या न्हाईत गं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आक्का, अलीकडचं आधी जातंय, जुनं मागं ऱ्हातंय. तुम्ही त्यांच्या तोंडात उत्तरं घातलीसा, आन् आपला येळ गेला. लवकर कळलं तर करण्यासारखं काय तरी असतंय. आता रक्तच बघू या." म्हणून तू आज हितं बसलीयास. रक्ताला मी कसं पढवू? सांग की. रक्ताला कुठं सांगता येतंय, असं म्हण, तसं म्हणू नको? ते जे हाय ते सांगणार.

आन् ते शब्द काय जात न्हाईत आता. सगळं जातंय, तेवढेच ऱ्हायल्यात. परवा शेजारच्या भरमूभाऊजींनी विचारलं, काय म्हणतीया तब्येत? तर हे म्हणाले, आंबा, चावी, देऊळ. भाऊजी हसले, त्यास्नी वाटलं चेष्टा करत्यात. मी बी हसले. हसून घरात आले आन् तोंडात पदर कोंबला. मीच घातलंय गं ते त्येंच्या डोक्यात. जे ऱ्हायचं होतं ते निघून गेलं आन् माझं पितळ ऱ्हायलं.

रिपोर्ट तीन तऱ्हेचा येतोय न्हवं? हाय, न्हाय, आन् मधला. मधला आला तर परत मणका न्हायतर स्कॅन. नुसत्या रक्तावर आम्ही ठरवत न्हाय, बाकीची तपासणी आन् रक्त जुळाय पायजे, मॅडम म्हणाल्या. किती दिवसांत येतोय? आठ-दहा. दहा दिवस मी काय करू? आन् आल्यावर काय करू? पूर्णिमा म्हणती, आई, कळलं तर तयारी करता येती. कसली तयारी? माणूस समोर बसलेला असताना तो जाणार हाय ह्याची तयारी कशी करत्यात, हे कुठल्या लॅबमधी सांगत्यात? दुकानवाल्याला कळलं तर ताणा देणं बंद करंल. माग बंद झाला तर ह्येंच्या हातात काय ऱ्हाणार? हात अजून चांगले हाइत. ऐक की — खट्, धप्. हात काय इसरले न्हाईत.

उठलीस? व्हय, झाला की येळ तुझा. पण एक… बस, एवढंच ऐक, मग काढ रक्त. खरी भीती अजून सांगितलीच न्हाय मी. पहिल्याच बारीला मॅडमनी ह्यास्नी एक प्रश्न विचारलता. "ह्या कोण? ह्यांचं नाव काय?" माझ्याकडं बोट करून. हे हसले, मान खाली घातली, कान लाल झाले. मॅडम बी हसल्या, म्हणाल्या, लाजले काका, आन् पुढचा प्रश्न घेतला. मी बी हसले. पण रस्त्यात माझ्या डोक्यात आलं, हे लाजले, का आठवलं न्हाय? आन् मला ते कळायची वाटच न्हाय गं! अडतीस वर्षांत ह्या माणसानं मला नावानं हाक मारलेली न्हाय. अगं, ए, ऐकलंस का, पूर्णिमाची आई. आमच्यात न्हाय घेत, मी त्येंचं न्हाय, ते माझं न्हाय. मग त्येंच्या डोक्यातनं माझं नाव कवा गेलं, काल, का दोन वर्षांमागं, का अजून हाय, हे मला कळणार कसं? बाकीच्या बायांस्नी कळत असंल. एक दिवस नवरा चुकीची हाक मारतोय आन् कळतंय. मला कुठली हाक मारणार, जी कधी मारलीच न्हाय?

आन् पढवलं का न्हाय म्हणतीस? सगळं पढवलं, हे न्हाय पढवलं. धाडस झालं न्हाय. विचारायचं आन् त्येनी नुसतं बघत ऱ्हायचं… न्हाय गं. नाव तर त्येनीच ठेवलंय माझं. बघायला आलते तवा एकच प्रश्न विचारला, नाव काय. मी म्हटलं, अंजनी. तेवढंच बोलणं आमचं लग्नाआधीचं. पण सासूबाईंचं नाव बी अंजनी. एका घरात दोन अंजनी कशा चालतील? सुनेला रागवायचं तर सासूचं नाव घेऊन रागवायचं व्हय? म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, आन् ह्येनी अंगठीनं लिवलं, मंगल. सावकाश लिवलं, काना-मात्रा बघून. मी तिरक्या नजरेनं वाचलं, उलटं दिसत होतं. तवापासनं मी मंगल. माहेरची सुद्धा मंगलच म्हणाय लागली. अंजनी म्हणून हाक मारणारं आता कुणी न्हाय. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. शेवटपतोर हे त्येंच्या पायाशी बसायचे, आई, आई करत.

तर माझं एक काम कर. तुझ्या त्या अर्जावर हाय न्हवं, सोबतच्या माणसाचं नाव? ते रिकामं ठेव, मी सांगत न्हाय. आत जा, माग थांबवा म्हण, हात बांध, सुई घाल, आन् सहज विचार, "काका, काकूंचं नाव काय लिवू?" सहज हं. तू परकी हाइस, सरकारी काम असल्यासारखं विचार, म्हणजे लाजणार न्हाईत. राशनकार्डावर सांगितलंय त्येनी, मतदार यादीला सांगितलंय, कागदासाठी ते नाव घेत्यात. मी हितंच बसते, उंबऱ्याच्या अलीकडं. मला बघितलं तर लाजतील. न्हायतर लाजले म्हणून मी परत स्वतःला फसवीन. जा. साखरेचं म्हण. जा की.

…थांबला माग.

व्हय अवो, त्या साखर बघाय आल्यात. द्या हात. डावा द्या, उजवा कामाचा हाय… दिला का गं? बरं.

विचार आता.

विचारलंस?

काय म्हणाले? मला ऐकू आलं न्हाय, शेजारचा लूम… काय? परत सांग. तू सांग, तू हळू सांग.

अंजनी.

अंजनी म्हणाले? तसंच म्हणाले, थांबून, का पटकन? पटकन. हसले? हसले व्हय. कसं हसले, म्हणजे… न्हाय, खोडू नको! लिवलंस ते असू दे. खोडू नको. ते माझंच हाय. माझं बी हाय.

न्हाय. कुठली अंजनी ते विचारू नको. मी सांगते न्हवं, विचारू नको! ज्या पोरीला बघाय आलते ती, का ज्यांच्या पायाशी बसायचे त्या — नको गं. त्या रक्तात ते येतंय का? न्हाय येत न्हवं? मग ऱ्हाऊ दे. मला एवढंच ऱ्हाऊ दे.

नळी भरली का? दाब तिथं कापूस. झालं तुझं. माग अजून सुरू केला न्हाय त्येनी… का सुरू करत न्हाईत? हात बी इसरले का? अवो! अवो, ऐकलं का?

जा गं तू आता. चा ऱ्हायला, असू दे. जा. बर्फ इतळंल तुझा.